नवशिक्यांसाठी रम: ऊसपट्ट्यातल्या माणसाने ती कशी चाखावी

गळीत हंगामात सांगलीहून कराडकडे जाताना गाडीची काच खाली केली, तर कारखान्याची चिमणी दिसण्याच्या बऱ्याच आधी त्याचा वास येतो. हा वास काहीसा गोड, काहीसा आंबूस आणि थोडा जळक्या साखरेसारखा असतो. पाहुणे नाकाला रुमाल लावतात आणि आपल्याला मात्र तो जाणवतही नाही. मी आयुष्याची सव्वीस वर्षे एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली, त्यामुळे तो वास माझ्या कपड्यांनाही लागला होता. रम ही उसापासून होणारी दारू. ती नेमकी काय चीज आहे हे मला पुष्कळ उशिरा, पन्नाशीच्या आसपास उमगले, आणि तेव्हा लक्षात आले की जगभरातले शौकीन पैसे मोजून जे वास ओळखायला शिकतात, ते वाळवा, मिरज, कराड या भागांतल्या माणसाला लहानपणापासून ठाऊक असतात. पुढचे मार्गदर्शन या एकाच गोष्टीवर उभे आहे. महागडी बाटली ही शेवटची पायरी आहे. आधी नाक तयार करावे लागते.

बाटलीच्या आधी परवाना

हा भाग थोडक्यात उरकतो, पण तो टाळता येत नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवाना लागतो. तो राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो, आणि एक दिवसाचा, वर्षाचा व आजीवन असे त्याचे प्रकार आहेत. रमसाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. बिअरसाठीची २१ वर्षांची अट इथे चालत नाही. गोव्याहून परतताना स्वस्तातल्या दोन बाटल्या डिकीत टाकून आंबोली घाट चढणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. ‘गोवा बनावटीची दारू जप्त’ ही बातमी अशांपैकीच कोणाची तरी असते. सैनिकी कॅन्टीनमधली बाटली ज्याच्या कार्डावर मिळते त्याच्यासाठीच असते आणि ती विकणे गुन्हा आहे. गाडी चालवायची असेल त्या दिवशी चाखण्याचा बेत ठेवू नये. यकृताचा किंवा रक्तदाबाचा त्रास, गर्भारपण, चालू औषधे किंवा घरात व्यसनाचा इतिहास असेल त्याने हा लेख वाचून गुऱ्हाळापर्यंत जरूर जावे, पण पुढच्या पायऱ्या चढू नयेत. मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट केले आहे. ते मान्य करूनच थोडे आणि डोळसपणे चाखायचे असेल, तर पुढे वाचावे.

पहिली पायरी: गुऱ्हाळावर एक सकाळ

कराड किंवा शिराळ्याकडच्या एखाद्या गुऱ्हाळावर सकाळी लवकर जावे आणि चार वास क्रमाने घ्यावेत. पहिला वास चरकातून नुकत्याच पडलेल्या रसाचा असतो. तो हिरवट आणि ओल्या गवतासारखा असतो, आणि त्यात किंचित मातीही असते. दुसरा वास काहिलीत उकळी फुटलेल्या रसाचा असतो. त्या वेळी भेंडीच्या झाडाचे चिकट पाणी घालून वर आलेली मळी झाऱ्याने काढली जात असते, आणि वाफेला भाजीसारखा उग्रपणा असतो. तिसरा वास काकवीचा. इथे हिरवटपणा पूर्ण जातो आणि मधासारखी जडता येते. चौथा वास काहील वाफ्यात ओतल्यानंतर घट्ट होत जाणाऱ्या गुळाचा, ज्यात भाजलेपणा असतो. काहील नेमकी कधी उतरवायची हे गुळव्या पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी बोटांत दाबून ठरवतो. चुलवाणावर दोन मिनिटे जास्त राहिली तर तोच गूळ काळपट आणि कडवट होतो. परतताना काकवीची एक बाटली, नव्या गुळाचा खडा आणि मिळाल्यास गेल्या वर्षीचा काळा पडलेला गूळ बरोबर आणावा. पुढे तुलनेला हे तिन्ही लागतील.

इथे शब्दांचा एक घोळ आधीच सोडवून ठेवतो. गुऱ्हाळावर ‘मळी’ म्हणजे रसावरचा फेस आणि गाळ. कारखान्यात आणि वर्तमानपत्रात ‘मळी’ म्हणजे साखरेचे दाणे काढून घेतल्यावर उरणारा काळा, दाट पाक. बहुतेक रम होते ती या दुसऱ्या मळीपासून. एक टन ऊस गाळला की सुमारे ४० ते ४५ किलो मळी मिळते. तिच्यात जवळपास निम्मी साखर असते, पण ती दाण्याच्या रूपात काढणे परवडत नाही.

दुसरी पायरी: मळीची रम कशी होते, ते समजून घेणे

दाट मळीत यीस्ट जगत नाही, म्हणून आधी तिच्यात भरपूर पाणी घालून ती पातळ करतात आणि मग आंबवतात. आपल्याकडच्या आसवनीत, म्हणजे डिस्टिलरीत, हे काम साधारण एका दिवसात उरकते आणि आठ-दहा टक्के अल्कोहोलचा द्रव तयार होतो. पुढचा प्रश्न हा द्रव कशात उकळायचा, हा असतो, आणि रमची निम्मी चव या एका निर्णयात ठरते. तांब्याच्या हंड्यासारख्या पात्रात तो घाण्याघाण्याने उकळला, तर अल्कोहोलबरोबर वासाची पुष्कळ द्रव्ये वर येतात आणि रम जड, तेलकट व बोलकी होते. उंच स्तंभात अखंड उकळला, तर अल्कोहोल ९५ टक्क्यांच्या आसपास जाते आणि वास जवळजवळ नाहीसा होतो. असा स्तंभ १८३० मध्ये एनिआस कॉफी याने पेटंट घेतल्यापासून जगभर पसरला. आपल्या बहुतेक आसवन्या स्तंभाच्याच आहेत, कारण त्यांना वास नको असतो. मळीचा मोठा वाटा आता इथेनॉल होऊन पेट्रोलच्या टाकीत जातो, आणि मोटारीला चव कळत नाही.

जमैकाची तऱ्हा याच्या अगदी उलट आहे. तिथे काही ठिकाणी आंबवण एक-दोन आठवडे चालू देतात, आणि उकळून अल्कोहोल काढल्यावर पात्रात उरलेले आंबट पाणी पुढच्या आंबवणात पुन्हा घालतात. त्याला ते डंडर म्हणतात. त्यामुळे एस्टर नावाची द्रव्ये वाढतात आणि रमला अति पिकलेल्या केळ्याचा, अननसाचा, कधी चक्क रंगाच्या डब्याचा वास येतो. आमच्याकडे त्याच पाण्याला स्पेंटवॉश म्हणतात. एक लिटर अल्कोहोलमागे ते आठ ते पंधरा लिटर निघते आणि निष्काळजीपणे सोडले तर नदीतले मासे मारते. कृष्णाकाठच्या वाचकाला याविषयी अधिक सांगायला नको. जमैकन रम पहिल्यांदा हुंगली तेव्हा मला आमच्या कारखान्यामागच्या तळ्याची आठवण झाली, आणि त्या वासाला कोणी किंमत देते याचे मनापासून आश्चर्य वाटले.

शेवटी येते लाकडी पिंप. पारदर्शक द्रव ओकच्या पिंपात मुरतो, लाकडातून व्हॅनिला, मसाला आणि तुरटपणा घेतो आणि दरम्यान थोडाथोडा उडूनही जातो. स्कॉटलंडच्या थंडीत हे उडणे वर्षाला सुमारे दोन टक्के असते, तर वेस्ट इंडीजसारख्या उष्ण प्रदेशात त्याच्या तिप्पट किंवा त्याहूनही जास्त. म्हणून उष्ण प्रदेशातल्या सात-आठ वर्षांच्या रमशी थंड देशातल्या तेवढ्याच वयाच्या मद्याची थेट तुलना करता येत नाही.

मधेच थोडा इतिहास

हा भाग वगळूनही रम पिता येते, पण मग तिच्यात काय काय मिसळले आहे ते कळत नाही. गुळाची दारू आपल्याला नवी नाही. मनुस्मृतीत सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत, गौडी, पैष्टी आणि माध्वी, आणि त्यातली गौडी ही गुळाची. ते पेय आंबवलेले होते, त्यामुळे त्याला रम म्हणता येणार नाही. ऊस मात्र आशियातून अरबांमार्फत पश्चिमेला गेला आणि १४९३ मध्ये कोलंबसाने दुसऱ्या सफरीत तो कॅरिबियन बेटांवर नेला. सतराव्या शतकाच्या मध्यावर बार्बाडोस बेटावर साखरेचे मळे उभे राहिले. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांना तिथे मरेपर्यंत राबवले जात असे, आणि साखरेतून उरलेली मळी आंबवून उकळण्याची युक्ती त्याच मळ्यांवर रुजली. १६५१ च्या एका लेखात या पेयाला ‘रंबुलियन’ आणि ‘सैतानमार’ अशा अर्थाचे नाव दिलेले आढळते, आणि त्याचे वर्णन भयंकर असेच केले आहे. पुढे अमेरिकेतल्या वसाहतींनी मळी आयात करून रम गाळली आणि त्या रमच्या बदल्यात आफ्रिकेत पुन्हा माणसे विकत घेतली गेली. ग्लास हातात असताना हे आठवावे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. मला आठवते, कारण आमच्या फडात कोयता घेऊन बीडहून येणाऱ्या टोळ्या मी दर दिवाळीनंतर पाहिल्या आहेत. दोन्ही एकच आहे असे मी म्हणत नाही, पण साखर स्वस्त कोणाच्या पाठीवर होते हा प्रश्न दोन्हीकडे आहे. गुलामगिरी संपल्यावर ब्रिटिश गयानातल्या उसासाठी १८३८ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, नेले गेले. गयानातल्या ज्या डेमेरारा रमची आज वाहवा होते, तिच्या उसात आपल्या लोकांचाही घाम आहे.

रमला फौजेचे पेय इंग्रजांच्या आरमाराने केले. १६५५ मध्ये जमैका जिंकल्यावर खलाशांना रमचा शिधा मिळू लागला. १७४० मध्ये अ‍ॅडमिरल व्हर्नन याने ती पाणी घालूनच द्यावी असा हुकूम काढला, आणि त्याच्या ग्रोग्रॅम कापडाच्या झग्यावरून त्या पेयाला ‘ग्रॉग’ म्हणू लागले. हा शिधा थेट ३१ जुलै १९७० रोजी बंद झाला. आपल्या सैन्यात रम याच वाटेने आली. ज्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचे गाव आहे, तिथे रजेवर आलेल्या जवानाच्या पिशवीतली बाटली हीच कित्येकांची रमशी पहिली ओळख असते. माझीही तशीच झाली. सुभेदार मामांनी स्टीलच्या पेल्यात गरम पाणी घालून दिलेली रम मी नाक दाबून औषधासारखी प्यायलो होतो, आणि पुढची वीस वर्षे रमला चव असते यावर माझा विश्वास बसला नाही.

तिसरी पायरी: लेबल वाचणे

भारतीय बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के हा आकडा असतो आणि शेजारी ७५ अंश प्रूफ किंवा २५ यू.पी. असे छापलेले असते. याचा हिशेब सोपा आहे. जुन्या ब्रिटिश पद्धतीत ५७.१ टक्के अल्कोहोल म्हणजे १०० प्रूफ. त्याचे ७५ टक्के काढले की ४२.८ येते, आणि शंभरापेक्षा पंचवीसने कमी म्हणून २५ ‘अंडर प्रूफ’. ही माहिती दुकानात मिरवण्यापलीकडे एका कामाची आहे. ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, हे त्यावरून काढता येते, आणि मग ‘क्वार्टर’ म्हणजे असे सहा पेग, हे लख्ख दिसते.

रंगावर मुळीच विश्वास ठेवू नये. काळेपणा बहुतेक वेळा जळक्या साखरेच्या रंगाचा असतो आणि त्याचा वयाशी संबंध असेलच असे नाही. उलट बकार्डीसारखी पांढरी रम पिंपात मुरवून मग कोळशातून गाळून रंगहीन केलेली असते. बाटलीवरचे मोठे आकडेही तपासावेत. काही देशांत वय म्हणजे मिश्रणातल्या सर्वांत कोवळ्या रमचे वय, तर काही उत्पादक सर्वांत जुन्या थेंबाचा आकडा पुढे करतात. ‘स्पाइस्ड’ म्हणजे मसाला व बहुधा साखर घातलेली, आणि ‘ओव्हरप्रूफ’ म्हणजे ५७ टक्क्यांच्या वरची. ती नवशिक्याने दूर ठेवावी.

जाता जाता एक गंमत सांगतो. आपल्याकडे व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक स्वस्त मद्यांचा पाया मळीचे अल्कोहोलच असतो. युरोपच्या नियमांत व्हिस्की धान्याचीच असावी लागते, त्यामुळे तिकडे ही मद्ये त्या नावाने विकता येत नाहीत. ‘मी रम पीत नाही, फक्त व्हिस्की’ असे ठसक्यात सांगणारे आमचे कितीतरी स्नेही आयुष्यभर उसाचीच दारू पीत आले आहेत.

चौथी पायरी: तीन बाटल्या आणि त्यांचे तीन वास

पहिली बाटली ओल्ड मंकची घ्यावी. १९५४ पासून चालत आलेली, सात वर्षे मुरवलेली म्हणून ओळखली जाणारी ही रम स्वस्त आहे, सगळीकडे मिळते आणि तिच्यातला व्हॅनिला नवशिक्यालाही सापडतो. खंबा, म्हणजे मोठी पूर्ण बाटली, घेण्याची गरज नाही. १८० मिलिलिटरची बाटली महिनाभराच्या अभ्यासाला पुरते. दुसरी एखादी पांढरी रम. तिसरी बाटली पुण्या-मुंबईत कोणी जाणार असेल तेव्हा सवडीने मागवावी. ती जमैकाची किंवा गयानाची चालेल, नाहीतर उसाच्या रसापासून थेट केलेली. मार्टिनिक बेटावर रसाच्या रमची परंपरा आहे, १९९६ पासून तिला फ्रान्सचे भौगोलिक नाव-संरक्षण आहे. आपल्याकडे कामिकारा ही रसाची, बारा वर्षे मुरवलेली रम हरियाणात झाली. ब्राझीलची काशासाही रसाचीच. हे सगळे वाचताना मला दर वेळी एकच प्रश्न पडतो, की इतका ऊस असलेल्या सांगली-सातारा या आपल्या दोन जिल्ह्यांच्या नावाची एकही रम कशी नाही.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष चाखणे

वेळ जेवणाआधीची निवडावी. त्या दिवशी तंबाखू, मिश्री आणि अत्तर वर्ज्य. पेला काचेचाच, तोंडाकडे निमुळता होत जाणारा घ्यावा, म्हणजे वास आत साठतो. स्टीलचा पेला आणि पसरट तोंडाचा चहाचा ग्लास दोन्ही कुचकामी. प्रत्येक पेल्यात १५ मिलिलिटर रम ओतून दहा मिनिटे तशीच ठेवावी, कारण पहिला भपका निव्वळ अल्कोहोलचा असतो.

मग पेला हनुवटीजवळ धरून तोंड किंचित उघडे ठेवून हलकेच हुंगावे. नाक पेल्यात खुपसले तर ते झोंबते आणि पुढची पाच मिनिटे वाया जातात. आता गुऱ्हाळावरून आणलेल्या वस्तू जवळ घ्याव्यात: काकवी हुंगावी, पुन्हा रम हुंगावी, काळा गूळ हुंगावा, पुन्हा रम. ‘टॉफी’, ‘प्रून’ असल्या परक्या शब्दांच्या मागे लागू नये. ओल्ड मंकमध्ये मला तासगावचा बेदाणा, जायफळ आणि साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा भाजका खवा सापडतो. दुसऱ्या कोणाला भाजलेले शेंगदाणे किंवा जुनी लाकडी पेटी सापडेल, आणि तेही बरोबरच असेल. रसाच्या रममध्ये चरकापाशी घेतलेला तो हिरवट वास पुन्हा भेटतो. तो ओळखू आला, की गुऱ्हाळाची खेप वसूल झाली.

पहिला घोट अगदी लहान, केवळ जिभेला सवय व्हावी म्हणून. त्यावर मत बनवू नये. दुसरा घोट तोंडात पाच-सहा सेकंद फिरवावा आणि गिळल्यावर नाकाने श्वास सोडावा. खरी चव तेव्हा कळते. त्यानंतर पाणी. १५ मिलिलिटर रममध्ये अर्धा चमचा, म्हणजे अडीच मिलिलिटर पाणी घातले की अल्कोहोल ४२.८ वरून सुमारे ३७ टक्क्यांवर येते आणि दडलेले वास वर येतात. दीड चमचा घातले तर साडेअठ्ठावीसवर. किती पाण्याला रम सर्वांत बोलकी झाली ते वहीत लिहून ठेवावे. बर्फ या टप्प्यावर नको, कारण थंडीने वास मिटतो. एका बैठकीत एकूण ४५ मिलिलिटरच्या पुढे जाऊ नये. नाक त्याच्या आधीच थकलेले असते.

बरोबर खायला काय असावे याचा धडा मी चुकून शिकलो. दोन मित्रांना बोलावून तीन देशांच्या तीन बाटल्या नीट मांडल्या, आणि पत्नीने प्रेमाने सांगलीचे लसूण घातलेले भडंग पुढे ठेवले. अर्ध्या तासाने तिघांचेही एकमत झाले, की जमैका, गयाना आणि भारत या तिन्ही देशांच्या रममध्ये लसणाचा स्पष्ट गंध असतो. तेव्हापासून चाखताना फक्त साधे पाणी आणि भाजलेले, बिनमिठाचे दाणे. भडंग नंतर, जेवणाआधी.

सहावी पायरी: मिसळणे

शुद्ध रम प्यावी असा सोवळेपणा मी पाळत नाही. कोला घालणारेही आनंदाने जगतात, फक्त त्यात चांगली रम घालू नये. क्युबातल्या डायकिरी गावाच्या नावाचे पेय मात्र प्रत्येकाने एकदा घरी करून पाहावे: ६० मिलिलिटर पांढरी रम, २५ मिलिलिटर कागदी लिंबाचा ताजा रस आणि २० मिलिलिटर साखरेचा पाक बर्फासह झाकणाच्या बरणीत जोरात हलवून गाळावे आणि दोघांत वाटून घ्यावे. साखरेऐवजी काकवी घातली तर रंग गढूळ होतो, पण चव मला जास्त आवडते. रसवंतीचा आले-लिंबू घातलेला, बिनबर्फाचा रस १२० मिलिलिटर आणि त्यात ३० मिलिलिटर पांढरी रम हेही उत्तम जमते. रस काळा पडायच्या आत, पंधरा मिनिटांत संपवावे. थंडीत गरम पाणी, लवंग आणि गुळाचा खडा घालूनही रम छान लागते, पण ती सर्दीवर औषध आहे हा समज सोडावा. मद्याने त्वचेकडच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब वाटते. प्रत्यक्षात शरीर आतली उष्णता गमावत असते. तापाची गोळी घेऊन वर रम घेणे तर यकृताशी वैर आहे.

उरलेली बाटली

बाटली उभीच ठेवावी, आडवी ठेवल्यास बूच खराब होते. तिला ऊन लागू देऊ नये. पिंपाबाहेर आल्यावर रम मुरत नाही, त्यामुळे कपाटात वर्षानुवर्षे जपून ती जुनी होत नाही. उलट अर्ध्याहून जास्त रिकामी बाटली काही महिन्यांत फिकी पडू लागते. तशी रम लहान बाटलीत काढून घ्यावी.

रात्री रिकामे झालेले पेले लगेच धुवू नयेत, हे घरात आधीच सांगून ठेवावे. अल्कोहोल उडून गेलेले असते आणि काचेला चिकटलेले तेवढे उरते. सकाळी चहाच्या आधी ते एकेक करून हुंगावेत. ओल्ड मंकच्या पेल्यात व्हॅनिला गेलेला असतो आणि त्या जागी काकवी आणि लाकूड असते. पांढऱ्या रमच्या पेल्यात जवळजवळ काहीच नसते. जमैकाच्या पेल्यात केळे अजून शिल्लक असते. हेही वहीत लिहावे आणि मग पेले धुवायला द्यावेत.